रिलीव्हर आल्याशिवाय

आधी साळूआक्कांचं नाव घेतो, मग बाकीचं. आमच्या हिंगोलीकडं जेवायला बसताना पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवतात, तसं हे नाव मी पहिल्यांदा बाजूला काढून ठेवतो. त्या माझ्या नात्याच्या ना गोत्याच्या. महाळुंग्याच्या जुन्या शेतकरी घरातल्या त्या मालकीणबाई आणि मी त्यांच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीचा भाडेकरू. माझं नाव त्यांना कधी पाठ झालं नाही. "नावं ऱ्हात न्हाईत रं ध्यानात, जिल्हं ऱ्हात्यात," असं म्हणायच्या. म्हणून मी हिंगोली, शेजारच्या खोलीतला तो जळगाव, आणि कोपऱ्यावरचे दोघे भाऊ थोरला बीड आणि धाकटा बीड. आज मी रात्री गादीवर पाठ टेकतो आणि डोळा लागतो, तो त्या बाईमुळं.

परवा सुट्टी होती. आता मी तळेगाव दाभाड्याला कामाला असतो, पण पाय तिकडंच वळले. चाळ राहिली नाही. खोल्या पाडून गोडाऊन उभं करायला घेतलंय, सगळीकडून निळ्या पत्र्याचं कुंपण. अंगणातला लिंब तेवढा ठेवलाय, वॉचमनच्या गाडीला सावली म्हणून. मी वर बघत उभा राहिलो तसा वॉचमन आला.

"काय पाहिजे भाऊ?"

"काही नाही. झाड बघतोय."

"झाडच आहे राव. त्यात काय बघायचंय?"

पण होतं. मधल्या फांदीला तारेनं बांधलेला नांगराचा फाळ अजून तसाच लटकत होता. टोक झिजलेलं, अंगावर गंज चढलेला. खाली एक बोल्ट पडला होता, तो उचलून मी फाळावर हळूच मारला. आवाज तोच. वॉचमन हसला, म्हणाला, भंगारच आहे, न्यायचं तर न्या. मी तार सोडवली. फाळ हातात आला आणि हाताला लिंबाचा, गंजाचा, आणि का कुणास ठाऊक, भाकरीचा वास आला.

त्या खोलीत आम्ही चौघं राहायचो आणि गाद्या होत्या दोन. चौघांच्या शिफ्टा आलटून-पालटून. नाईट करून आलेला माणूस फर्स्टला निघालेल्याच्या जागेवर आडवा व्हायचा. गादी कधी गार पडली नाही. दुसऱ्याच्या अंगाची ऊब पाठीला लागली की झोप यायची, तिला माणसाचं नाव नव्हतं, ती नुसती ऊब होती. खोलीत कायम कुणीतरी झोपलेलं असायचं, म्हणून आम्ही सगळं हळू करायचो. हळू हसायचो. भांडणंसुद्धा कुजबुजत केली. एकदा साखर कुणी संपवली यावरून दोघं हातघाईवर आले, तेही कुजबुजत, आणि झोपलेल्यानं चादरीतूनच सांगितलं, "मी संपवली रे, आता झोपू द्या."

खुंटीवर चार करडे शर्ट असायचे. मशीनच्या तेलाचा वास त्यांना असा बसलेला की धुऊनही जायचा नाही. पत्र्याचं छप्पर दुपारी तापलं की तडतडायचं आणि दिवस कलला की पुन्हा तडतडायचं, गार होताना. लांबून भोंगा व्हायचा. भोंगा झाला की अख्ख्या चाळीची दारं वाजायची, कुणी जायला निघालेलं, कुणी यायला लागलेलं, आणि आक्का ओट्यावर बसून नुसत्या पावलांवरून सांगायच्या, "आला बीड. आज पाय ओढतोय, कायतरी झालंय कंपनीत."

मी शाळा नववीत सोडली. कशी, का, ते आता राहू द्या. पण शाळेत जे मिळालं नाही ते मला प्रेसवर मिळालं. पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं मशीन. दणका कानाला कमी आणि पायाच्या तळव्यांना जास्त कळतो. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात, एक रीत होती. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. भोंगा होऊ दे, बस लागू दे, पोटात कळ येऊ दे. रिलीव्हर समोर येऊन उभा राहिला की जाणाऱ्यानं मशीनवर हात ठेवायचा आणि सांगायचं: ठेका बरोबर आहे, तेल आहे, डाय, म्हणजे साचा, गरम नाही, हात वाचवणारी जाळी लागलेली आहे. मग येणाऱ्यानं हात ठेवायचा आणि म्हणायचं, "घेतलं." सही-बिही नंतर. तो शब्द ऐकल्याशिवाय कुणी पाठ वळवायचा नाही. आणि तो ऐकल्यावर जे खांदे खाली पडायचे, तसं सुख मी दुसरीकडं कुठं बघितलं नाही. आपण गेल्यावरही ते चालू राहणार आहे, कुणीतरी बघणार आहे. आता आपण नुसते माणूस. चहा प्यायला मोकळे.

मग तो चैत्र आला. लिंबाला मोहर आला होता, अंगणभर पांढरी फुलं सांडायची. भोंगा बंद झाला. रस्ता बंद झाला. खोलीतले तिघं मिळेल त्या गाडीनं गावाकडं गेले, शेजारचा जळगाव गेला, कोपऱ्यावरचे दोन्ही बीडही गेले. मी निघायचंच म्हणत होतो, तेवढ्यात कंपनीत ज्याच्यासोबत मी डबा खायचो त्याला तो आजार निघाला. तोंडाला बांधलेली दोन माणसं आली, दाराला कागद चिकटवून गेली आणि माझ्या डाव्या हातावर जांभळा शिक्का मारून गेली. शिक्का पुसेपर्यंत बाहेर पडायचं नाही.

मला वाटलं, चला, झोप काढू. एवढी वर्षं झोपेचीच उधारी होती.

गादी गार होती. दोन्ही गाद्या माझ्या, आणि दोन्ही गार. खुंट्या रिकाम्या. मी हळू दार लावायचो, हळू तांब्या ठेवायचो, मग लक्षात यायचं की इथं कुणी झोपलेलं नाही. मुद्दाम मोठ्यानं तांब्या आपटला एकदा. त्या आवाजानं मीच दचकलो.

बाहेर इतकं शांत की लांबचा मोर ऐकू यायचा. लोक म्हणायचे, बघा कशी पाखरं आली. मला पाखरं नको होती. मला तळव्यांखाली दणका पाहिजे होता. तो थांबला तशी जमीनच गेल्यासारखी झाली. आणि ठेका ऐकायला जो कान तयार झाला होता, त्याला काम पाहिजे होतं. तो माझ्या छातीकडं वळला. श्वास आत, श्वास बाहेर. प्रेसचा ठेका चुकला की ओळखायचं, काहीतरी अडकलंय, आणि लगेच पेडलवरचा पाय काढायचा. इथं श्वास जरा लांबला, जरा अडखळला की माझ्या अंगाला घाम फुटायचा. मी उठून बसायचो. पुन्हा मोजायला लागायचो. एक दिवस थोडी कणकण आली तर दिवसभर हात कपाळावर. माय फोन करायची.

"जेवलास का बापू?"

"जेवलो माय."

"आवाज असा काहून येऊन राहिला?"

"रेंज नाही."

रेंज होती. पण एवढ्या लांबून ती काय करणार? तिच्या जिवाला आणखी एक घोर.

आक्का दोन वेळा भाकरी खिडकीबाहेरच्या दगडावर ठेवून लांब जाऊन उभ्या राहायच्या. शेवटचा संडास त्यांनी माझ्या नावानं करून दिला होता, तिकडं कुणी फिरकायचं नाही. "जेव रं हिंगोली," म्हणायच्या. मी मान हलवायचो. बोलायला तोंड उघडलं तर श्वासाकडं लक्ष कोण ठेवणार, असं वाटायचं. हे आता लिहिताना वेड्यासारखं दिसतं. तेव्हा ते अगदी सरळ, हिशोबातलं वाटत होतं.

एके दिवशी दुपारी कधीतरी डोळा लागला. जागा झालो तर खिडकीत तो उजेड होता. राखाडी, खालून जरा तांबूस. पाखरं कलकलत होती. पत्रा गार व्हायला लागला होता. माझं अंग आपोआप उठलं. फर्स्ट शिफ्ट! उशीर झाला! तोंडावर पाणी मारलं, करडा शर्ट घातला, जड बूट बांधले, गळ्यात ओळखपत्र, हातात रिकामा डबा. दाराचा कागद फाटला असेल, मला दिसला नाही. तरातरा चालत चौकात आलो. कंपनीची बस थांबायची त्या जागी, वडापावच्या गाडीशेजारी. गाडीवर ताडपत्री बांधलेली. चिटपाखरू नाही. मला वाटलं, मीच पहिला.

उभा राहिलो. बस येईना. आणि मग एक गोष्ट झाली. उजाडायचं सोडून अंधारायला लागलं. मी आकाशाकडं बघत होतो आणि ते उलटं चाललं होतं. एकेक वस्तू दिसेनाशी व्हायला लागली, आधी फाटा, मग गाडी, मग माझे बूट. मला कळेना की दिवस बिघडला की मी बिघडलो. पळावं वाटलं, पण पळायचं कुणीकडं?

पाठीमागून बांगड्या वाजल्या.

आक्का होत्या. पदर तोंडावरून घट्ट ओढलेला, हातात गुरांमागची काठी. बऱ्याच लांब उभ्या. त्यांनी मला ओट्यावरून जाताना बघितलं होतं, बूट घालून, डबा घेऊन. कुठं चाललास असं विचारलं नाही. शिव्या दिल्या नाहीत. वेडा झालास का म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या,

"आज सुट्टी हाय रं कंपनीला. चल घरला."

"सुट्टी?"

"व्हय. मला निरोप आलाय. चल म्होरं, मी मागनं येती."

मी पुढं, त्या मागं काठी टेकत. मला आमच्या गावाकडची चुकलेली वासरं आठवली, त्यांना असंच मागनं हाकत आणतात, न मारता. खोलीत शिरलो आणि बुटांसकट खाली बसून लहान पोरासारखा रडलो. बाहेर काठीचा आवाज थांबलेला होता. मला ठाऊक होतं, त्या उभ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दणक्यानं जागा झालो. लोखंडावर लोखंड. एक, आणि लगेच दुसरा. पाठोपाठ आक्कांचा आवाज, "पैली शिफ्ट लागली! ए हिंगोली, ऊठ! झाडून काढ खोली!"

खिडकीतून बघितलं तर लिंबाला फाळ बांधलेला आणि आक्का बोल्ट घेऊन उभ्या. त्यांच्या घरातला शेवटचा नांगर मोडला तेव्हापासून तो फाळ गोठ्यात पडून होता. आता तो आमचा भोंगा झाला. सकाळी एकदा, दुपारी ऊन डोक्यावर आलं की एकदा, दिवस बुडताना एकदा. प्रत्येक शिफ्टचं काम ठरलेलं. झाडणं, धुणं, दुपारी झोपायचं नाही तर उंबऱ्यावर बसायचं. त्या लिंबाखाली, मी माझ्या उंबऱ्यावर, मध्ये अख्खं अंगण. त्या तांदूळ निवडायच्या. फुलं त्यांच्या सुपात पडायची, त्या खड्यांबरोबर तीही वेचून टाकायच्या.

"तुजी कंपनी हाय ना," एकदा म्हणाल्या, "तितं आमचं हरभऱ्याचं रान व्हतं."

"म्हणजे मी तुमच्या हरभऱ्यावर उभा राहून काम करतो आक्का."

"व्हय. म्हनून आता आनी हरभऱ्याच्या झाडावर चढू नगंस. भाकरी खा."

किती दिवसांनी हसलो मी. हसताना श्वास मोजायचा राहून गेला, हे नंतर लक्षात आलं.

पण झोप येत नव्हती. तिसऱ्या शिफ्टला फाळ वाजला की आक्का घरात जायच्या आणि माझा कान पुन्हा छातीवर. डोळे खोल गेलेले त्यांना लांबूनही दिसले असणार.

"झोप का लागंना तुला? खरं सांग."

मी म्हणालो, "आक्का, रिलीव्हर नाही."

"म्हंजी?"

मग मी त्यांना आमच्या शॉपची रीत सांगितली. हात ठेवायची, सांगायची, आणि तो शब्द ऐकल्याशिवाय न हलण्याची. म्हणालो, मी झोपलो आणि हा श्वास थांबला तर? बघणारं कोण आहे? मशीन असं सोडून जाता येत नाही.

त्या सूप खाली ठेवून बसल्या. एक फूल वेचलं.

"मग मला दे की."

"तुम्हाला?"

"का? बाईला देत न्हाईत व्हय तुमच्यात?"

त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा ते केलं. मी उंबऱ्यावर उभा, छातीवर हात ठेवलेला. लाज वाटत होती. त्या लिंबाशी, हात फाळावर.

"ताप नाही," मी म्हणालो. "श्वास चालू आहे. पाणी भरलंय. भाकरी खाल्ली."

"आन् भ्या?"

"ते आहे."

"किती?"

"हाय... कालच्याएवढं नाही."

"बरं," आक्का म्हणाल्या. मग, आमच्या शॉपमधल्या कुठल्याही ऑपरेटरला शोभेल अशा तोऱ्यात, "घेतलं."

फाळ वाजला. त्यांनी बाज अंगणात ओढली आणि लिंबाखाली अंग टाकलं. बांगड्या वाजत राहिल्या, मग त्याही निजल्या. मी गादीवर पडलो. खांदे खाली पडले. पुढचं मला काही माहीत नाही.

सकाळी फाळ. "ऊठ! रातभर चालली तुजी मशीन. घोरत व्हती नुसती. शेजारपाजार न्हाई म्हनून बरं. घे आता ताब्यात."

"घेतलं आक्का."

असं रोज. हातावरचा शिक्का फिका होत गेला, मोहर सरून लिंबाला हिरव्या लिंबोळ्या धरल्या.

आणि मग एक दिवस त्यांचा थोरला मुलगा, दत्ताभाऊ, पिंपरीहून गाडी घेऊन आला. संत तुकाराम नगरला राहायचा. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की आई त्या आजारवाल्या पोरासमोर अंगणात झोपते. तो गाडीतून उतरला तोच ओरडत.

"आई, कपडे भर. आत्ताच्या आत्ता निघायचं. तुझं वय काय, तू करतेस काय?"

"लांब हाय की मी. मधी अंगन हाय."

"अंगणाला काय कळतं? बस गाडीत!"

मी खोलीत दाराआड उभा होतो. मला माहीत होतं तो बरोबर बोलतोय. त्याच्या जागी मीही हेच बोललो असतो. आणि मला हेही माहीत होतं की त्या गेल्या तर आजच्या रात्रीपासून मी पुन्हा चौकात जाऊन उभा राहणार, उलटं उजाडायची वाट बघत. मला ओरडून सांगायचं होतं, जा आक्का. मी दाराची कडी नुसती घट्ट धरून ठेवली.

"दत्ता," आक्का शांतपणे म्हणाल्या, "मला न्हाई येता येनार. शिफ्ट चालू हाय माजी."

"काय?"

"शिफ्ट. रिलीव्हर आल्याबिगार हालायचं न्हाई, अशी रीत हाय."

"आई, तू काय कंपनीत लागलीस का आता?"

"लागली. पगार न्हाई, पर भोंगा हाय." आणि त्यांनी बोल्ट उचलून फाळावर असा हाणला की लिंबावरचे कावळे उडाले.

दत्ताभाऊ कपाळाला हात लावून उभा राहिला. मग माझ्या दाराकडं बघून म्हणाला, "ए भावा, झोपतोस का रे नीट?"

"झोपतो भाऊ," मी आतून म्हणालो. "आक्कांमुळं."

तो बराच वेळ गाडीला टेकून होता. जाताना त्यानं आईची बाज उचलून लिंबाच्या पलीकडं, आणखी लांब नेऊन ठेवली आणि माझ्यासाठी कलिंगड दगडावर ठेवून गेला. त्याचा राग मला कधी आला नाही.

शिक्का पुसला त्या सकाळी आक्कांनी मशीन मला कायमचं परत दिलं. मी पहिल्यांदा अंगण ओलांडून त्यांच्या ओट्यापर्यंत गेलो, त्यांच्यापासून लांब राहूनच पायरीला हात लावला. तेव्हा सहज विचारलं, "आक्का, तुमचा रिलीव्हर कोण?"

त्या हसल्या. "मालक व्हते की. दिस बुडाला की ओट्यावर बसायचे, दिसभरातलं समदं त्यास्नी सांगायचं, मग आत जायचं. ते गेले, तवापासनं ओव्हरटाइमच हाय माजा."

भोंगा पुन्हा सुरू झाला. तिघं परत आले, गाद्या गरम झाल्या. मग काम बदललं, गाव बदललं, जसं इकडं सगळ्यांचं होतं. ती चौघांची खोली, ती कुजबुजती भांडणं, ती कुणाचीही नसलेली ऊब, काही परत आलं नाही. तळेगावात माझी स्वतंत्र खोली आहे, एकट्याची गादी आहे. अजूनही एखाद्या संध्याकाळी कान छातीकडं वळतो. तेव्हा मी उंबऱ्यावर उभा राहून हळूच सांगतो, ताप नाही, पाणी भरलंय. हवेलाच सांगतो. चालतं बहुतेक वेळा.

फाळ घेऊन घरी आलो आणि आक्कांना फोन लावला. आता त्या दत्ताभाऊकडंच असतात, नवव्या मजल्यावर.

"आक्का, हिंगोली बोलतोय."

"कोन हिंगोली?" मग एकदम, "शेवटच्या खोलीतला व्हय! झोपतोस का रं?"

"झोपतो. तुम्ही?"

मग म्हणाल्या, "पोरगा चांगला हाय, सून चांगली हाय. पर दार लावलं की समदं गप. हितं कुनाचं पाऊलच ऐकू येत न्हाई. कवा पहाट झाली, कवा दिस बुडाला, कळत न्हाई बग. निजून ऱ्हाती नुसती डोळं उघडं ठिवून."

मी फाळाचं सांगितलं. खूश झाल्या. म्हणाल्या, "टाकू नगंस. तुज्यापाशी ठेव. लागंल तवा आन."

फाळ माझ्या खिडकीला बांधलाय. गंज मुद्दाम काढला नाही. आक्का, तो मी घेऊन येईन. तुमच्या गॅलरीत बांधीन, दत्ताभाऊ शेजाऱ्यांना काय सांगायचं ते सांगेल. दिवस बुडताना एकदा वाजवीन आणि खाली फरशीवर बसेन. मग तुम्ही सांगा, सावकाश, मालकांना सांगायच्या तसं सगळं. गुडघ्याचं, झोपेचं, त्या हरभऱ्याच्या रानाचं. भ्या किती आहे तेही सांगा. तुमचं सांगून होईपर्यंत मी उठणार नाही. आणि झालं की माझा हात छातीवर ठेवून म्हणेन, घेतलं आक्का, आता तुम्ही झोपा.